फरशीवरचा लेख फरशीसकट वाचावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जॉर्डनमधल्या एका प्राचीन चर्चच्या, रंगीत खडे बसवून केलेल्या (मोझेक) फरशीचा फोटो छापून आला. खाली 'ग्रीक भाषेतील प्रार्थना' एवढीच ओळ होती. प्रार्थना त्यात आहेच. पण बांधकाम कोणत्या बिशपच्या काळात झाले, देखरेख कोणी केली, पैसा कोणाचा, काम कोणत्या महिन्यात आणि वर्षी पुरे झाले, हेही अशा लेखांत असते. कधीकधी खडे बसवणाऱ्या कारागिरांची नावेसुद्धा असतात. चौथ्या ते आठव्या शतकांत पॅलेस्टाइन, जॉर्डन, सीरिया या भागांतल्या खेड्यापाड्यांत कोण राहत होते, मुलांची नावे काय ठेवत होते, दानधर्म कोण करत होते, हे कळण्याचे ते एक मुख्य साधन आहे. हे पत्र त्यासाठी आहे आणि आपल्या खानदेशातल्या मंदिरांच्या फरशांसाठीही. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे कोरलेल्या आपल्याकडच्या लाद्या सध्या जीर्णोद्धारात सर्रास उखडल्या जात आहेत. त्या तशा का उखडू नयेत, हे त्या ग्रीक फरशांवरून चांगले समजते.

आधी लेख वाचतात कसा ते सांगतो. सुरुवातीला बहुधा एक छोटा क्रूस. मग 'एपी', म्हणजे 'यांच्या काळात', आणि त्यापुढे बिशपचे नाव, मागे 'परमपवित्र' वगैरे विशेषणे. त्यानंतर 'बांधले' किंवा 'खड्यांची फरशी केली' हे क्रियापद आणि ज्याच्या खटपटीने काम झाले त्या पुरोहिताचे नाव. मग दाते. 'हिपेर सोतिरियास' आले की दाता जिवंत आहे, त्याच्या कल्याणासाठी दान आहे. 'हिपेर अनापाव्सेओस' आले की ते मृताच्या चिरविश्रांतीसाठी. शेवटी महिना आणि वर्ष. मध्येच 'कीरिए वोइथि', म्हणजे 'प्रभो, साहाय्य कर'. साचा ठरलेला असल्यामुळे तुटक्या लेखातही कुठे काय असणार याचा अंदाज बांधता येतो. मात्र हाच साचा नवशिक्याला फसवतो, कारण नसलेली अक्षरेही त्याला दिसायला लागतात.

जॉर्डनमधल्या नेबो पर्वताजवळच्या खिर्बेत अल-मुखय्यत या गावी संत लोट आणि संत प्रोकोपिउस यांचे चर्च आहे. तिथल्या लेखात बिशप योहान्नेस यांचा काळ, नोव्हेंबर महिना आणि सहावे इंडिक्शन (पंधरा वर्षांच्या चक्रातले सहावे वर्ष) अशी नोंद आहे, ते वर्ष इसवी ५५७. त्यात कोमितिस्सा या बाईची मुले स्तेफानोस आणि एलियास या दोघा भावांचे दान स्वीकारावे, अशी देवाला विनंती आहे. बापाचे नाव न सांगता आईच्या नावाने मुले ओळखली जातात, ही एवढीशी गोष्ट तिथल्या समाजाबद्दल बरेच सांगून जाते. त्या प्रदेशातल्या लेखांत आणखी एक वाक्य वारंवार येते: 'ज्यांची नावे प्रभूला ठाऊक आहेत, त्यांच्याकडून.' दान दिले, नाव दिले नाही. आपल्याकडच्या गुप्तदानाची नोंद पावतीपुस्तकात असते, तिथे ती थेट फरशीत बसवली आहे.

दान किती, हेही काही ठिकाणी मोजून लिहिले आहे. सीरियातल्या अपामेआ येथील यहुदी सिनॅगॉगच्या (प्रार्थनागृहाच्या) इसवी ३९१ च्या ग्रीक लेखांत अमक्या बाईने शंभर फूट फरशी केली, तमक्याने दीडशे फूट, असे आकडे आहेत. इटलीतल्या ग्रादो येथील चर्चमध्ये लॅटिनमध्ये हाच प्रकार आहे. आपल्याकडे सभामंडपाची वर्गणी चौरस फुटावर लावतात, तीच ही रीत. म्हणजे एका लेखाची जागा कळली, तर त्या दात्याचा तुकडा कुठून कुठपर्यंत होता हे नक्षीच्या चौकटीवरून मोजता येते. लेख कापून संग्रहालयाच्या भिंतीवर लावला की हे मोजमाप गेलेच.

जागेचे महत्त्व पटवायला मगिद्दोचे उदाहरण पुरे आहे. इस्रायलमधल्या मगिद्दो येथे तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये सापडलेली प्रार्थनागृहाची फरशी बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळाच्या आधीची, बहुतेकांच्या मते तिसऱ्या शतकातली. तिच्यावरच्या एका लेखात 'देवभक्त अकेप्तूस हिने हे मेज ख्रिस्तदेवाला अर्पण केले' असे आहे. मेज आज नाही, दगडी चौथऱ्याचे अवशेष तेवढे आहेत. लेख त्या चौथऱ्यालगत मिळाला, म्हणूनच चौथरा कशाचा हे कळले. लेखाचा नुसता मजकूर वहीत उतरवून घेतला असता, तर कुठले मेज आणि कुठे ठेवलेले, हा घोळ कायमचा राहिला असता.

आता फरशीच्या बांधणीबद्दल, कारण नुकसान नेमके तिथूनच सुरू होते. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने दिलेली पद्धत अशी: धुम्मस केलेल्या जमिनीवर मुठीएवढ्या दगडांची सोलिंग. त्यावर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचा ठोकून बसवलेला थर, ठोकल्यावर सुमारे २२ सेंटिमीटर. त्यावर तीन भाग विटांची सुरखी व एक भाग चुना, निदान ११ सेंटिमीटर. आपल्या जुन्या वाड्यांतल्या चुन्याच्या कोब्याशी हे काम पुष्कळ जुळते. खेड्यातल्या चर्चमध्ये इतकी जाडी क्वचितच मिळते; एखादा थर पातळ केलेला किंवा सरळ गाळलेला असतो. सर्वांत वर बारीक चुन्याचा पातळ गिलावा, तोही एका दिवसात खडे बसवून होतील एवढ्याच जागेत. गिलावा ओला असतानाच खडे दाबायचे. वाळू लागलेल्या गिलाव्यावर बसवलेला खडा वर्षानुवर्षे बसल्यासारखा दिसतो आणि झाडू मारताना निघून येतो.

खडे मुख्यतः स्थानिक चुनखडीचे, पांढरे, काळपट, लाल, पिवळे. साधा खडा हरभऱ्याएवढा, बाजूला सुमारे एक सेंटिमीटर. म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या चौकोनात शंभराच्या आसपास. चेहरे आणि पक्षी यांना बारीक खडे लागतात. अक्षरे मात्र बहुतेक ठिकाणी एका खड्याच्या रुंदीच्या रेघांनी काढलेली, काळी किंवा लाल, पांढऱ्या जमिनीवर. दोन ओळींच्या मध्ये कधी लाल खड्यांची आडवी रेघ असते. लेख बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कान असलेल्या पाटीच्या आकाराच्या चौकटीत किंवा गोलात बसवतात. कारागीर पुरोहिताने दिलेला मसुदा पाहून अक्षरे जुळवत जाई. पहिल्या ओळी ऐसपैस आणि शेवटच्या कोंबलेल्या, हे दृश्य नेहमीचे आहे. जागा संपत आली की 'ओमिक्रॉन'च्या डोक्यावर 'उप्सिलॉन' चढवायचा, शब्द अर्धाच लिहून त्यापुढे वेलांटीसारखी खूण करायची. 'कीरिए' या शब्दाची तर दोनच अक्षरे लिहून वर आडवी रेघ देतात. स्पेलिंग उच्चाराप्रमाणे लिहिलेले, कारण तोवर अनेक स्वरांचा उच्चार एकच झाला होता. ही चूक समजून दुरुस्त करू नये. तसा उच्चार होत होता, याचा तो पुरावा आहे.

खडा एक निघाला तर काय बिघडते, हे ग्रीक आकड्यांत पाहावे. ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनीच लिहितात. आल्फा म्हणजे १, डेल्टा म्हणजे ४, लँब्डा म्हणजे ३०. तिन्ही अक्षरे त्रिकोणी. फरक फक्त आडव्या रेघेचा: आल्फात ती मध्ये, डेल्टात तळाशी, लँब्डात नाहीच. गोल अक्षरांचेही तसेच. त्या काळच्या वळणात एप्सिलॉन (५), थीटा (९), ओमिक्रॉन (७०) आणि सिग्मा (२००) ही चारही गोलाकार किंवा अर्धगोलाकार आहेत. मधली रेघ गेली की पाचाचे दोनशे होतात, गोलाची उजवी बाजू झिजली की सत्तराचे दोनशे. शिवाय आकड्यांचा क्रम ठरलेला नसतो. कुठे शेकड्याचा आकडा आधी, कुठे एककाचा आधी.

म्हणून तारीख कधीही एका आकड्यावरून ठरवू नये. या लेखांत पडताळणीची सोय आहे, तिचे नाव इंडिक्शन. ते पंधरा वर्षांचे चक्र, वर्ष १ सप्टेंबरला बदलते. इसवी वर्षात ३ मिळवावेत, तारीख सप्टेंबर किंवा त्यापुढची असेल तर ४. येणाऱ्या बेरजेला १५ ने भागावे. बाकी उरेल ते इंडिक्शन, बाकी शून्य असेल तर पंधरावे. वर दिलेला नोव्हेंबर ५५७ घ्या: ५६१ भागिले १५, बाकी ६. जुळले.

हेच गणित जॉर्डनमधल्याच उम्म अर-रसास येथे उपयोगी पडले. तिथल्या संत स्तेफानोसच्या चर्चमधल्या मुख्य दालनाच्या लेखात ऑक्टोबर महिना, दुसरे इंडिक्शन आणि रोमन 'अरेबिया' प्रांताच्या संवताचे वर्ष आहे. हा संवत इसवी १०६ च्या २२ मार्चला सुरू होतो, म्हणून ऑक्टोबरसाठी १०५ मिळवायचे. वर्षाचा आकडा आधी 'ख़ी-पाय' (६०० आणि ८०), म्हणजे ६८०, असा वाचला गेला आणि इसवी ७८५ हे वर्ष ठरले. पण ७८५ च्या ऑक्टोबरला इंडिक्शन नववे येते, दुसरे नव्हे. पाय या अक्षराचे दोन खांब आणि वरची आडवी पट्टी नीट पाहिली, तर ती जवळजवळ बसवलेली योटा (१०) आणि गामा (३) ही दोन अक्षरेही असू शकतात. मग आकडा ६१३, वर्ष इसवी ७१८ आणि इंडिक्शन बरोबर दुसरे. आज हेच वर्ष धरतात. खड्यांच्या एका फटीमुळे ६७ वर्षांचा फरक पडला होता. त्याच चर्चच्या वेदीजवळचा लेख वर्ष ६५० चा, मार्च महिन्याचा, नवव्या इंडिक्शनचा आहे. जानेवारी ते २१ मार्चपर्यंत १०६ मिळवायचे असतात, म्हणून इसवी ७५६. इंडिक्शन तिथेही जुळते. त्या कामाचा कारागीर एस्बूस गावचा स्ताव्राखिओस. सातव्या शतकातच हा प्रदेश मुस्लिम सत्तेखाली गेला होता, तरी आठव्या शतकाच्या मध्यात तिथे चर्चची फरशी ग्रीक लेखासह घातली जात होती, हे आपल्याला केवळ या आकड्यांमुळे ठामपणे सांगता येते.

फरशीवर क्रूस काढू नये असा सम्राट थिओडोसियस दुसरा याचा इसवी ४२७ चा हुकूम आहे. तो धरून 'क्रूस आहे म्हणजे फरशी ४२७ च्या आधीची' असे म्हणणारे अजून भेटतात. हुकूम सगळीकडे पाळला गेला नाही, त्यानंतरच्या तारखेच्या लेखांतही क्रूस आहेत. वर्ष लिहिलेले असताना अशा आडवाटेने जाऊ नये.

पडताळणीची हीच रीत आपल्याकडे आहे आणि तिचे उत्तम उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणचे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाच्या दानलेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण अशा चार खुणा आहेत. नुसता ११२८ धरला तर इसवी १२०६ येते. प्रभव संवत्सर मात्र १२०७-०८ मध्ये पडतो. म्हणून पुस्तकांत दोन्ही वर्षे दिसतात. साठ वर्षांचे संवत्सरचक्र आणि ग्रहण लेखात नसते, तर हा फरक कोणाच्या ध्यानातही आला नसता. त्याच परिसरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या मितदेवाचे नाव त्याने दान दिलेल्या खांबावरच आहे, आणि यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे. खांब आणि नाव एकत्र आहेत, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही कोणते दान कोणाचे हे सांगता येते.

आता नुकसानीकडे. सर्वांत गाजलेला दाखला मादाबाच्या नकाशाचा. जॉर्डनमधल्या मादाबा येथे सहाव्या शतकातल्या चर्चच्या फरशीवर ग्रीक नावांसह पवित्र भूमीचा नकाशा होता, मूळ लांबी पंधरा मीटरांहून जास्त. जुन्या अवशेषांवर नवे चर्च १८९६ मध्ये बांधून झाले. फरशी आहे हे आधीपासून माहीत होते, तरी बांधकामात तिचा मोठा भाग गेला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, लोकांना प्रार्थनेला जागा हवी होती. नकाशाचे जे तुकडे गेले त्यांवर कोणती गावे होती, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

याच्या अगदी उलट नेबो पर्वतावर घडले. तिथल्या मोशे (मोझेस) या यहुदी प्रेषिताच्या स्मारकात सहाव्या शतकाच्या शेवटी जुन्या फरशीवर भर घालून नवी फरशी केली. १९७६ मध्ये वरची फरशी दुरुस्तीसाठी उचलली, तेव्हा सुमारे एक मीटर खाली जुनी फरशी जवळजवळ अखंड मिळाली. तिच्यावर सोएल, काइऊम आणि एलियास या तीन कारागिरांची नावे आहेत, त्यांच्या कुटुंबीयांसह प्रभूने स्मरण ठेवावे अशी विनंती आहे. त्या काळच्या गवंड्यांनी खालचे खोदून न काढता वर भराव टाकला, म्हणून ती नावे वाचली.

विसाव्या शतकात बऱ्याच फरशा उचलून लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंटच्या पाट्यांवर बसवल्या गेल्या. त्याचे परिणाम पुढे दिसले. ओलाव्याने सळ्या गंजतात, गंज फुगतो, पाटी तडकते. सिमेंटमधले क्षार पाण्यासोबत वर येऊन खड्यांच्या पाठीमागे स्फटिक होतात आणि खडे सुटतात. म्हणून आता फरशी शक्य तो जागेवरच ठेवतात, दुरुस्ती चुन्याच्याच मसाल्याने करतात. उघडी ठेवणे शक्य नसेल तर वर पाणी झिरपू देणारे कापड आणि चाळलेली वाळू घालून पुन्हा झाकतात.

हे सगळे आपल्या मंदिरांच्या विश्वस्तांनी आणि मिस्तरींनी वाचावे म्हणून लिहिले. जुन्या सभामंडपातल्या नावाच्या लाद्यांवर गावच्या पेढ्या, घराणी, बाहेरगावी गेलेले व्यापारी, माहेरच्या देवाला दान देणाऱ्या लेकी, शक, तिथी, रुपये-आणे असे सगळे आहे. गावाचा असा इतिहास दुसऱ्या कुठल्या दप्तरात सहसा नसतो. ब्रेकर लावण्याआधी मंडपाचा साधा नकाशा काढावा. प्रत्येक लादीला खडूने क्रमांक द्यावा, ऑइलपेंटने नाही. गाभाऱ्याच्या उंबरठ्यापासून आणि एका बाजूच्या भिंतीपासून तिचे अंतर लिहावे. अक्षरांचे डोके कोणत्या दिशेला आहे तेही लिहावे. देवाकडे तोंड करून वाचता येतात की देवाकडे पाठ करून, याने लादी मूळ जागी आहे की मागाहून हलवली, ते कळते. फोटो दोन घ्यावेत: एक बरोबर वरून, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात. झिजलेली कोरीव अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात. मजकूर जसा आहे तसा उतरवावा. 'स्मर्णार्थ' असेल तर 'स्मर्णार्थ'च लिहावे. न दिसलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्यावीत, अंदाजाची अक्षरे कंसात घालावीत. शकाबरोबर संवत्सर दिले असेल तर ताडून पाहावे. नोंदीची एक प्रत संस्थानाच्या दप्तरात, दुसरी गावच्या वाचनालयात ठेवावी.

साफसफाईला ॲसिड अजिबात वापरू नये. संगमरवर आणि शहाबादी, दोन्ही दगड चुन्याच्या कुळातले. ॲसिडने सिमेंटच्या डागासोबत अक्षराची कडही विरघळते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लादी काढायचीच असेल तर आधी पाया पाहावा. चुन्यात बसवलेली लादी दरजा हाताच्या छिन्नीने मोकळ्या करून कडेकडून सोडवता येते. सिमेंटमध्ये बसवलेली बहुधा फुटते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. तिच्यावर कापड आणि वाळूचा थर घालून नवी फरशी वर घ्यावी. त्याने पातळी तीन-चार इंच वाढते, दार अडते, उंबरठा बुडतो. त्यामुळे दाराची आणि पायरीची मापे आधीच घ्यावीत, नाहीतर काम अर्ध्यावर आल्यावर खालची फरशी फोडायची पाळी येते. काढलेल्या लाद्या त्याच मंडपाच्या ओवरीत, त्याच क्रमाने बसवाव्यात. शंभर वर्षांपेक्षा जुना लेख १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतो. मंदिर संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय लादीला हातच लावता येत नाही.

आपल्या वृत्तपत्रात जीर्णोद्धाराच्या बातम्या आणि वर्गणीची आवाहने नेहमी येतात. त्यांच्यासोबत जुन्या फरशीवरचा मजकूर जशाच्या तसा छापण्याची प्रथा आपण सुरू करावी, ही विनंती. कामे बहुतेक दिवाळीनंतर निघतात. पावसाळ्याचे चार महिने मंडपात बसून ही नोंद सहज होते, आणि लादी ओली असते तेव्हा झिजलेली अक्षरेही जरा उठून दिसतात.

आपले,
पुरालेखांचे अभ्यासक,
चाळीसगाव, जि. जळगाव